मरणाची स्तुती नको

दहावी-बारावीचे निकाल लागले की पैनगंगेकाठच्या आमच्या या डोंगराळ तालुक्यातून पत्र्याच्या पेट्या, गाद्यांच्या वळकट्या आणि आईने फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी घेऊन मुलेमुली नांदेडला, लातूरला, पुण्याला निघतात. ज्यांच्या पणज्यांना शाळेच्या उंबरठ्याबाहेर बसावे लागले, त्यांचीच ही नातवंडे-पतवंडे. किनवटच्या रेल्वे-फलाटावर हे दृश्य पाहून ज्याचा ऊर भरून येत नाही असा आंबेडकरानुयायी विरळाच. परंतु त्याच फलाटावर एखाद्या वर्षी एखादी पेटी मुलावाचून परत येते. बाप ती उचलून घरी नेतो. गाव चार दिवस हळहळते आणि पाचव्या दिवशी "पोरगं मनानं कच्चं होतं" असा निवाडा देऊन मोकळे होते.

आमच्या मते हा निवाडा पुराव्याच्या विरुद्ध आहे आणि जो स्वतःची बाजू मांडण्यास हजर नाही त्याच्यावर अन्याय करणारा आहे. त्या निवाड्यावर अपील करण्यासाठीच आजचा हा अग्रलेख आम्ही लिहीत आहोत.

आकड्यांची साक्ष

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात भारतात १,७१,४१८ माणसांनी आपले जीवन संपविले. त्यांतील २२,६८७ एकट्या महाराष्ट्रातील होती आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा आहे. मृतांपैकी सुमारे एक-तृतीयांश माणसे अठरा ते तीस या वयाची, म्हणजे ज्या वयात माणसाने घर उभारावयाचे त्या वयाची असतात. विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा काढला तर तो १३,८९२ भरतो. २०१३ साली तो ८,४२३ होता. सरासरी काढली तर आज या देशात दररोज अडतीस विद्यार्थी मृत्यूला कवटाळतात. त्याच २०२३ सालात शेतकरी व शेतमजूर मिळून १०,७८६ जणांनी आत्मघात केला. शेतकऱ्यांच्या मरणावर विधिमंडळात वादळे होतात आणि ती व्हावयासच हवीत. परंतु त्याहून मोठ्या संख्येने विद्यार्थी मरत असता सभागृहे शांत राहतात, याचा अर्थ काय समजावा?

हे आकडे पोलीस ठाण्यांतून गोळा होतात. ठाण्यापर्यंत जे पोहोचत नाही ते त्यांत नसते. २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात घरोघर चौकशी करून काढलेला एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१० साली भारतात सुमारे १,८७,००० आत्महत्या घडल्या असाव्यात. पोलिसांच्या दप्तरी त्या वर्षी १,३४,५९९ नोंदल्या होत्या. त्याच अभ्यासाने आणखी एक भीषण गोष्ट दाखवून दिली. आत्महत्येने मेलेल्या पुरुषांपैकी ४० टक्के आणि स्त्रियांपैकी ५६ टक्के पंधरा ते एकोणतीस या वयाचे होते. म्हणजे ज्या मुलींच्या लग्नाची घाई आपण करतो, ज्यांचे शिक्षण मध्येच थांबवितो, ज्यांच्या सासरच्या छळाला "नांदायचे म्हटले की सोसावेच लागते" असे म्हणतो, त्याच वयाच्या त्या होत्या.

आणि मृत्यू हा या दुःखाचा केवळ दिसणारा भाग होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे एका मृत्यूमागे वीस किंवा त्याहून अधिक प्रयत्न घडलेले असतात. प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक वस्तीत असे तरुण आहेत, जे मरणाच्या दारातून परत आले आणि ज्यांनी त्याविषयी कोणाजवळही अवाक्षर काढलेले नाही. स्वतःच्या देहाला गुपचूप इजा करून घेणारे, लांब बाह्यांचे कपडे घालून ती लपविणारे तर त्याहूनही अधिक. मराठवाड्यात अशांची मोजदाद कोणी केलेली आम्हांस ज्ञात नाही. परंतु शाळा-महाविद्यालयांत शिकविणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना हे मान्य करावे लागेल की आपल्या वर्गात असे कोणी नाही असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. विद्यार्थ्यांच्या मृत्यूची बातमी होते. मजुराच्या मृत्यूची होत नाही. सरकारी अहवालात मृतांपैकी एक-चतुर्थांशाहून अधिक लोक रोजंदारीवर जगणारे आहेत. ऊसतोडीला गेलेला, वीटभट्टीवर राबणारा, हैदराबादच्या बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारा तरुण हाही तरुणच आहे. त्याला वसतिगृह नाही, समुपदेशक नाही आणि शोकसभाही नाही.

कारणाचा रकाना

पोलिसांच्या तक्त्यात कारणाचा एक रकाना असतो. त्यात 'कौटुंबिक समस्या' हे कारण सर्वांत अधिक, जवळजवळ एक-तृतीयांश प्रकरणांत भरलेले असते, त्याखालोखाल 'आजार'. आमच्या वकिली व्यवसायात हा रकाना कसा भरला जातो हे आम्ही पाहिले आहे. रडणाऱ्या नातेवाईकाला जमादार विचारतो, तो जे सुचेल ते सांगतो आणि एका आयुष्याचा खुलासा एका शब्दात होतो. वस्तुतः मानसशास्त्र जाणणारे सर्व तज्ज्ञ सांगतात की एकाच कारणाने कोणी मरत नाही. दारिद्र्य, अपमान, एकटेपणा, उपचाराविना राहिलेला मनाचा आजार, दारू, तुटलेला संसार असे अनेक धागे एकत्र येऊन गाठ बसते. शेवटचे कारण केवळ निमित्त ठरते.

मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. त्या तक्त्यात परीक्षेतील अपयशाला रकाना आहे, प्रेमप्रकरणाला आहे, दिवाळखोरीला आहे. जातीवरून झालेल्या अपमानाला नाही. मृतांची जातवार वर्गवारीही त्या अहवालात छापली जात नाही. जे मोजावयाचेच नाही ते अस्तित्वातच नाही असे ठरविण्याची ही सोय होय.

तथापि सत्य अधूनमधून डोके वर काढतेच. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार २०१४ ते २०२१ या काळात केंद्रीय विद्यापीठे, आय.आय.टी. आदी केंद्रीय शिक्षणसंस्थांत १२२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत अनुसूचित जातींचे २४, अनुसूचित जमातींचे ३ आणि इतर मागासवर्गांचे ४१ होते. १२२ पैकी हे ६८ होतात. ज्या दारांतून आत जाण्यासाठी तीन पिढ्या झगडल्या, त्या दारांच्या आत हे घडले.

हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी, जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल समाजाची डॉ. पायल तडवी गेली. वरिष्ठांनी तिचा जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला आणि त्यावर फौजदारी कारवाई सुरू झाली. आरोपांचा निर्णय न्यायालयानेच द्यावयाचा आहे व त्यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. परंतु या दोन मुलांच्या मातांनी जे केले ते प्रत्येक आंबेडकरी घरात सांगितले गेले पाहिजे. २०१९ साली त्या दोघींनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. आपली मुले तर परत येणार नाहीत. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली केलेले समानतेचे विनियम कागदावर न राहता अमलात यावेत, दुसऱ्या कोणाचे मूल असे जाऊ नये, एवढीच त्यांची मागणी होती. शोकाचे हक्कात रूपांतर कसे करावे याचा हा धडा होय.

एक जुनी फाईल

येथे स्वतःविषयी एक गोष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

पंधराएक वर्षांपूर्वीची ही हकीगत. सनद मिळून आम्हांस फार काळ लोटला नव्हता. विसाव्या वर्षातील एक मुलगा आणि त्याचा बाप आमच्याकडे आले. मुलगा जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचला होता आणि त्याच्यावर भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ खाली दोषारोपपत्र आले होते. जिवंत राहिल्याबद्दल तो आरोपी ठरला होता. आम्ही त्याला व्यवहारी सल्ला दिला : गुन्हा कबूल कर, थोडा दंड होईल, एका तारखेत प्रकरण मिटेल. तसेच झाले. "गुन्हा कबूल आहे काय?" या प्रश्नाला त्याने खाली मान घालून "कबूल आहे" असे उत्तर दिले. बापाने बंडीच्या खिशातून नोटा काढून दंड भरला. आम्ही आमची फी घेतली आणि फाईल बांधून ठेवली.

पोलिसांनी त्याला विचारले, काय केलेस? न्यायालयाने विचारले, कबूल आहे काय? आम्ही विचारले, दंडाचे पैसे आणले आहेत काय? 'का' हा प्रश्न त्या मुलाला कोणीच विचारला नाही. आम्हीही विचारला नाही. पुढे तो कामधंद्यासाठी परमुलखात गेला असे कानी आले. त्यापलीकडे त्याची आम्हांस माहिती नाही. कायद्याचा विद्यार्थी म्हणून आम्ही आमचे कर्तव्य केले असेल; माणूस म्हणून केले नाही, हे आज कबूल करावयास हवे.

कायदा बदलला, दृष्टी बदलली काय?

ज्या कलमाखाली तो मुलगा उभा राहिला त्याविरुद्धचा लढा महाराष्ट्रातूनच जोमाने सुरू झाला होता. मनाच्या आजाराने ग्रासलेल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे ते निकालपत्र प्रसिद्ध आहे. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच विचार उचलून धरला. परंतु १९९६ साली, ग्यान कौर यांच्या प्रकरणात, घटनापीठाने तो फिरविला आणि कलम जिवंत राहिले. अखेर संसदेने मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ संमत केला व तो मे २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम ११५ ने सांगितले की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, तीव्र मानसिक ताणाखाली होती असे मानले जाईल आणि तिच्यावर खटला चालणार नाही. त्याच कलमाने तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरलेच नाही; लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा राहिला आहे.

हा बदल लहान नव्हे. जिथे कठडा होता तिथे रुग्णशय्या आली. परंतु आमच्या खेड्यांत ही बातमी पोहोचली आहे काय? आजही आईबाप मुलाला दवाखान्यात नेताना वाटेतच पढवितात, "चुकून पोटात गेलं म्हणून सांग." पोलीस केसची धास्ती अजून गेलेली नाही. त्यामुळे डॉक्टरला खरे कळत नाही, मनाचा उपचार होत नाही आणि मुलगा ज्या दुःखातून आला त्याच दुःखात दोन दिवसांनी परत पाठविला जातो. म्हणून आम्ही येथे निःसंदिग्ध शब्दांत लिहितो : खरे सांगा. रुग्णालय पोलिसांना कळवील, जबाब होईल. परंतु त्या मुलाला वा मुलीला शिक्षा होणार नाही. उपचार मागणे हा आता तिचा कायदेशीर हक्क आहे.

खरे सांगितल्याने जीव वाचतो याला पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, ज्यांत आपले चेन्नईही होते, प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ व्यक्तींचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध केले. त्यांतील काहींना नेहमीचेच उपचार मिळाले. उरलेल्यांशी घरी जाण्यापूर्वी तासभर नीट बोलणे झाले आणि पुढील दीड वर्षात ठरावीक अंतराने कोणीतरी फोन करून वा भेटून त्यांची विचारपूस केली. पहिल्या गटात आत्महत्येने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण २.२ टक्के होते. दुसऱ्या गटात ०.२ टक्के. यासाठी महागडे यंत्र लागले नाही. "कसा आहेस?" असे विचारणारा माणूस लागला.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर दोन महत्त्वाचे निर्णय दिले. २४ मार्च रोजी, दिल्लीच्या आय.आय.टी.तील दोन विद्यार्थ्यांच्या मृत्यूच्या प्रकरणात, प्रथम खबर नोंदविण्याचा आदेश देऊन निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. २५ जुलै रोजी, आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात, मानसिक आरोग्य हे घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचेच अंग आहे असे सांगून सर्व शिक्षणसंस्था, शिकवणी वर्ग व वसतिगृहे यांना लागू होणारी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत. मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळकपणे लावावेत. 'लातूर पॅटर्न' म्हणून ज्या शिक्षणपद्धतीचा महाराष्ट्रभर गौरव होतो, तिच्या छायेत वाढलेल्या प्रत्येक शिकवणी वर्गाच्या पालकांनी जाऊन विचारावे : ही तत्त्वे येथे पाळली जातात काय? समुपदेशक कोठे बसतो? 'पहिली बॅच' आणि 'शेवटची बॅच' अजून आहे काय? फी भरणाऱ्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

दोष आमच्या घरातही आहे

परक्यांना दोष देणे सोपे असते. आता थोडे आपल्या घरात पाहू.

भीमजयंतीच्या सुमारास ठिकठिकाणी अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु वर्षाचे बाराही महिने बाबासाहेबांचे नाव चाबकासारखे वापरून मुलाला "त्यांनी अठरा तास अभ्यास केला, तुला सहा तास होत नाही?" असे आपण विचारू लागलो, तर त्या महामानवाशी आपण न्याय करीत नाही. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाच्या पाठीवर दप्तराबरोबर बापाचे कर्ज असते, आईची मोडलेली पोत असते, गावाची अपेक्षा असते आणि वर समाजाच्या उद्धाराची जबाबदारीही आपण ठेवतो. सुखवस्तू घरातील मुलगा नापास झाला तर तो केवळ नापास होतो. आमचा मुलगा नापास झाला तर त्याला वाटते, आपण बाबासाहेबांचा विश्वासघात केला. हे ओझे त्याने मागितले नव्हते. ते आपण चढविले.

बाबासाहेबांची अठरा तासांची मेहनत आपण मुलांना सांगतो. बडोदे का सांगत नाही? १९१७ च्या सप्टेंबरात, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा सव्वीस वर्षांचा तरुण बडोदे संस्थानाच्या नोकरीवर गेला. अस्पृश्य म्हणून त्याला कोणी जागा दिली नाही. ज्या पारशी वसतिगृहात तो उतरला तेथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. जावे कोठे हे न सुचून तो एका बागेत झाडाखाली बसला आणि रडला. पुढे ज्या हाताने घटनेचा मसुदा घडविला त्या हाताने त्या दिवशी डोळे पुसले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणून लोक वंदन करतात. आमच्या मुलांना हे कळू द्या की रडणे हा दुबळेपणा नव्हे, नोकरी सुटणे हा शेवट नव्हे आणि अपमानाच्या रात्रीनंतर जगत राहणे हेच त्या माणसाच्या सर्व पराक्रमांचे मूळ होते.

शासनानेही ध्यानात घ्यावे की शिष्यवृत्तीचा आणि स्वाधार योजनेचा हप्ता सहा महिने उशिरा मिळणे ही केवळ लेखा विभागाची बाब नाही. खोलीचे भाडे थकलेला, खाणावळीच्या मालकाची नजर चुकवून जेवणारा विद्यार्थी रात्री अभ्यास करीत नसतो. तो हिशेब करीत असतो.

तथागताने काय केले?

या प्रश्नावर धम्माची भूमिका काय, असे काही वाचक विचारतील. उत्तर विनयपिटकात आहे आणि ते विलक्षण आहे.

वैशालीच्या महावनात तथागतांनी भिक्खूंना देहाच्या अशुभतेवर ध्यान करण्यास सांगितले आणि ते स्वतः पंधरवडाभर एकांतात राहिले. परत आल्यावर संघ विरळ झालेला दिसला. देहाची किळस येऊन अनेक भिक्खूंनी आपले जीवन संपविले होते. आनंदाकडून हे कळल्यावर तथागतांनी मृतांना दुबळे म्हटले नाही. "माझी शिकवण योग्यच होती, हेच कच्चे निघाले" असेही म्हटले नाही. त्यांनी उरलेल्या सर्वांना एकत्र बोलाविले आणि ध्यानाची पद्धतच बदलली. त्यांना श्वासोच्छ्वासावर लक्ष ठेवण्याची शांत आनापानस्मृती शिकविली. आपल्या शिकवणीने शिष्य मरत आहेत असे दिसताच अभ्यासक्रम बदलणारा हा गुरू होता. देशातील मोठमोठ्या शिक्षणसंस्थांच्या संचालकांना यांत शिकण्यासारखे काही नाही काय?

त्याच प्रसंगी तिसरा पाराजिक नियम झाला. पुढे एका आजारी उपासकापाशी मरणाची थोरवी गाणारे भिक्खू निघाले, तेव्हा त्या नियमात भर पडली : जो दुसऱ्यापुढे मरणाची स्तुती करील तोही संघातून कायमचा बाद. आणि सारनाथच्या पहिल्याच प्रवचनात आत्मक्लेशाचा, म्हणजे स्वतःच्या देहाला यातना देण्याचा मार्ग त्यांनी त्याज्य ठरविला होता. तो मार्ग सहा वर्षे स्वतः अनुभवून. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाला वा मुलीला आपण हेच सांगावे, धाक न घालता : तुझे दुःख खरे आहे, पण देहाला शिक्षा देऊन ते फिटत नाही.

'मरणाची स्तुती' हा शब्द आम्हांस आज विशेष महत्त्वाचा वाटतो. २०२३ साली आरक्षणाच्या मागणीसाठी मराठवाड्यात अनेक मराठा तरुणांनी आत्मघात केला. त्या आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांनी कोणीही आत्महत्या करू नये असे आवाहन वेळोवेळी केले, ते योग्यच होते. ती मुले आमच्या समाजाची नव्हती. परंतु त्यांच्या आया आमच्या आयांसारख्याच रडल्या. दुःखाला जात नसते. आमच्या चळवळीनेही आरशात पाहावे. विद्यापीठाच्या नामांतरासाठी काही तरुणांनी स्वतःचे जीवन संपविले. त्यांच्या स्मृतीपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण १९७८ ते १९९४ ही सोळा वर्षे तो लढा चालविला तो मोर्चे काढणाऱ्या, तुरुंगात जाणाऱ्या, जळालेली घरे पुन्हा उभी करून तिथेच राहणाऱ्या हजारो जिवंत माणसांनी. हक्क हा जिवंत माणसाने बजावावयाचा असतो. म्हणून तरुण मुलाच्या आत्मघातावर फलक लावून, घोषणा देऊन त्याला आदर्श ठरविणे आपण थांबविले पाहिजे. त्या फलकाकडे पाहणाऱ्या गर्दीत आणखी एक खचलेला तरुण उभा असतो.

या पाक्षिकापुरते आम्ही बंधन घालून घेत आहोत. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ साली घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा मृत्यूची पद्धत, छायाचित्र वा चिठ्ठी आम्ही छापणार नाही. अन्याय झाला असेल तर तो मात्र नावगावासह छापू.

काय करता येईल?

किनवटहून मानसोपचारतज्ज्ञ गाठावयाचा तर बहुधा दीडशे किलोमीटरवरील नांदेड गाठावे लागते. रोजगार बुडतो, भाडे लागते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मनाच्या आजाराने पीडित दहांपैकी आठांहून अधिक जणांना उपचार मिळत नसल्याचे आढळले होते. डोंगराळ आदिवासी तालुक्यांत ही दरी अधिकच रुंद असणार. गोंड, कोलाम, आंध, बंजारा बांधवांच्या भाषेत बोलणारा आरोग्यसेवक नेमा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक ठरलेल्या वारी तालुक्यास आणा, ही मागणी शासनाकडे लावून धरली पाहिजे.

परंतु शासनाची वाट पाहत बसण्याची आपल्याला सवय नाही. प्रत्येक बुद्धविहाराने एक स्त्री व एक पुरुष असे दोन जाणते उपासक निवडावे. निकालाच्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक अनुत्तीर्ण मुलाच्या घरी जावे. पेढे घेऊन उत्तीर्णांकडे जाणारे पुष्कळ असतात. दहावीला नापास झालेल्यास त्याच वर्षी फेरपरीक्षा देता येते हे त्याला सांगावे. वसतिगृहात गेलेल्या मुलांना दर पंधरवड्यास फोन करावा आणि गुणांविषयी न विचारता जेवणाविषयी व झोपेविषयी विचारावे. झोप उडालेली, बोलणे बंद झालेली, आवडत्या वस्तू वाटून टाकणारी, "माझा तुम्हांला भार झाला" म्हणणारी व्यक्ती दिसली तर तिला सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे, अभ्यासकांना उलटच आढळले आहे, विचारल्याने मन मोकळे होते. मग उपदेश करू नये, ऐकावे. तिला एकटे सोडू नये. दवाखान्यात सोबत जावे.

कपाशीच्या या मुलखात फवारणीची औषधे घरात उघडी असतात. ती कुलूपबंद ठेवावीत वा गावाने एकत्र साठवावीत. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले. कारण मरणाची ती तीव्र लाट बहुधा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत आडकाठी राहिली तर माणूस वाचतो आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे जगतात.

जातीवरून छळ होत असेल तर तक्रार लेखी द्यावी व पोच घ्यावी. संदेश, पत्रे जपून ठेवावीत. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा जिवंत माणसासाठी आहेत. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा न्याय संहितेच्या कलम १०८ मध्ये आहे खरा, पण तो सिद्ध करणे कठीण जाते आणि सिद्ध झाला तरी गेलेले मूल परत येत नाही. छळ सुरू असतानाच वकिलाकडे या. अशा कामासाठी आमचे दार उघडे आहे आणि त्याची फी नाही. एका जुन्या फाईलीचे देणे आम्ही लागतो.

शेवटी, ज्या तरुण वाचकाच्या मनात हा अंधार आज असेल त्याच्याशी थेट बोलतो. मुला, मुली, तुझे दुःख खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आज जे कधीच संपणार नाही असे वाटते ते बदलते. ज्यांनी ही रात्र काढली त्या असंख्यांचा हा अनुभव आहे. आजची रात्र एकट्याने काढू नकोस. मित्राला, आईला, शिक्षकाला, विहारातील कोणालाही उठव. कोणीच जवळ नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन कर. शासनाची 'टेली मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही कोणी उचलते आणि मराठीत बोलता येते. तू कलेक्टर झालास तर आम्हांला आनंद होईल. तू नापास होऊन घरी परत आलास तरी आम्ही फलाटावर तुला घ्यायला येऊ.

जयभीम.